चपट्या नाकाच्या गाडीचं इंजिन

दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराचे ट्रक लिलावात घेतलेले आमच्या सिन्नर भागात पुष्कळ आहेत. ते ट्रक आता एकेक करून बसायला लागलेत आणि जो तो म्हणतो, कल्याणला जा, तिथं इंजिनांचे ढीग पडलेत. मी जाऊन आलो. ढीग खरोखरच आहेत. इंजिन मात्र मला मिळालं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण वाचणाऱ्याला शेवटपर्यंत आशेवर ठेवणं मला पटत नाही. मला तसं ठेवलं गेलं, तेवढं पुरे.

माझी गाडी कॅनडात बनलेली, चपट्या नाकाची. तिला बॉनेट जवळजवळ नाहीच. इंजिन केबिनमध्येच घुसलेलं, त्यामुळे उन्हाळ्यात ड्रायव्हरची डावी मांडी भाजून निघते. तरी माझं तिच्यावर प्रेम. हमाली करून मी बैलगाडी घेतली, एका गाडीच्या दोन केल्या आणि त्या विकून ही घेतली. बापाकडून मला काही आलं नव्हतं.

लिलावाला मी आणि माझा मेहुणा मुरली बरोबर गेलो होतो. दोन गाड्या मिळाल्या, एकाच साच्यातून काढल्यासारख्या. मुरली म्हणाला, "दाजी, तुम्ही वडील. आधी तुम्ही निवडा." मी माझ्या सवयीनं टायर बघून निवडली. आदल्या दुपारी तो डेपोतल्या फिटरबरोबर विड्या ओढत बसला होता, हे मला मागाहून कळलं. त्याची गाडी आजही पळते. माझ्या इंजिनाच्या ब्लॉकला चीर गेली आणि पाणी तेलात उतरलं. दोनदा वेल्डिंग केलं, दोनदा उकललं. फिटर काय बोलला ते मुरलीनं मला कधी सांगितलं नाही आणि मी कधी विसरलो नाही.

या माघात गाडी अंगणात उभी होती आणि कांद्याच्या अडत्याचा निरोप आला. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी ज्याची गाडी दारात उभी असेल, त्याला हंगामभर माल. निरोप दोघांनाच होता, मला आणि मुरलीला. मी पिशवीत दोन धोतरं टाकली आणि निघालो.

ठाणे

इंजिन ओळखायचं कसं, हे आधी सांगतो, उपयोगी पडेल. इंजिनावर दोन तऱ्हेचे आकडे असतात. एक ठोकलेला नंबर. तो कानशीनं घासून कोणीही दुसरा ठोकू शकतो. दुसरे आकडे ब्लॉक ओततानाच उठवलेले, मागच्या अंगाला. ते कोणाला बदलता येत नाहीत. इंग्रजी आकडे मी हमाली करताना गोण्यांवर शिकलो. माझ्या इंजिनाचे ओतीव आकडे मला पाठ आहेत. शिवाय मी एक सुतळी नेली होती. पुढच्या पंख्याच्या पुलीपासून मागे क्लच बसतो तिथपर्यंतची लांबी तिच्यावर गाठ मारून घेतली होती. नाक चपटं असल्यामुळे चार बोटं जास्त लांबीचं इंजिनही आत बसत नाही.

ठाण्यात खाडीच्या बाजूला एका जुन्या सामानवाल्याकडे गेलो. त्याचं नाव लिहीत नाही. त्यानं झापाच्या मांडवाखाली हिरवं रंगवलेलं इंजिन दाखवलं. रंग इतका ताजा, की बोट लावलं तर बोट हिरवं.

"रंग कशाला दिला?" मी विचारलं.

"गंजू नये म्हणून. खाडीचा वारा आहे इथं."

"मग बाकीच्यांना का नाही दिला? ती काय खाडीत पोहायला शिकलीत?"

मी सुतळी लावली. लांबी बरोबर. ठोकलेला नंबर चोख. मागचे ओतीव आकडे मात्र रंगाच्या जाड थराखाली. मी किल्लीनं रंग खरवडला. एक आकडा वेगळा निघाला. मग ब्लॉकची कूस खरवडली, तर आत लुकण भरून बुजवलेली चीर. माझ्या अंगणात जे पडलंय तेच, वर रंग.

मला राग आवरत नाही. मी त्या इंजिनाला लाथ मारली. इंजिनाला काही झालं नाही, माझ्या चपलेचा अंगठा तुटला. सामानवाला शांतपणे म्हणाला, "समोर चांभार बसतो. तो भाव करत नाही हं." मांडवातली माणसं हसली. मी एक पाय उघडा टाकत समोर गेलो. चांभारानं भाव केला नाहीच. शिवलेला अंगठा मात्र सैल राहिला, आणि तो पुढं लक्षात ठेवावा लागणार आहे म्हणून एवढं लिहिलं.

ठाण्यात आणखी दोघांकडे गेलो. एकाकडे आठ सिलिंडरची इंजिनं, माझ्या कामाची नव्हेत. दुसऱ्याकडे एक होतं, पण त्याचं खालचं तेलाचं भांडं पुढच्या बाजूला खोल. माझ्या गाडीची पुढची चाकंही इंजिन ओढतं, त्यामुळे पुढच्या आसावर ते टेकलं असतं. बाजारात चहा-पाव घेतला आणि कल्याण गाठलं.

कल्याण कॅम्प

लढाईच्या वेळी इथं शिपायांच्या बराकी होत्या. आता त्यांत सिंधी निर्वासित राहतात. ज्या बराकीत शिपाई झोपत होते तिथं पापड वाळतात, बाजूला शाळा भरते आणि त्याच्या पलीकडे लष्करी लोखंड विकायला मांडलेलं असतं. फाळणीत सगळं टाकून आलेली माणसं. पण सहा वर्षांत जे उभं केलंय ते पाहून मला आपल्या लोकांचा राग आला.

लीलाराम नावाचा माझ्या वयाचा व्यापारी खाटेवर बसला होता. मी बसलो, तोच पाणी आणि भाजलेला पापड पुढं आला. आपल्याकडे गुळाचा खडा देतात, तसा यांच्याकडे पापड. उन्हातून आल्यावर तो गुळापेक्षा बरा लागतो हे कबूल करतो.

इंजिनाचं नाव काढताच त्यानं मान हलवली. "वो चपटा नाक? सेठ, दो साल पहले बोलते. सब गया. कोई पंप में गया, कोई चक्की में."

तो दिवस फुकट जाऊ नये म्हणून मी त्याच्याकडून एक कार्बुरेटर घ्यायचा ठरवला. इथं माझी पद्धत सांगतो. भाव अडला, की उठायचं. उठल्यावर मागं वळून बघायचं नाही. चपला घालायला वेळ लावायचा आणि पहिल्या वळणापर्यंत हळू चालायचं. ज्याला विकायचंय तो वळणाच्या आत हाक मारतो. बाजारात उभ्या जन्मात मला हाक आली नाही असं झालेलं नाही. मुरलीला हे सगळं मीच शिकवलं, त्याला मिसरूड फुटायच्या आधी.

लीलारामकडे मी दोनदा उठलो, दोनदा त्यानं हाक मारली. तिसऱ्यांदा तो हसायलाच लागला. "आओ सेठ, बैठो. तुम्हारा चप्पल घिस जाएगा, मेरा भी दिल." कार्बुरेटर माझ्या भावात मिळाला. दोघंही खूश झालो. भाव करण्यात एक दोस्ती असते. ज्यांनी कधी पोटासाठी भाव केला नाही त्यांना ती समजायची नाही.

निघताना तो म्हणाला, "एक है. मैंने ही बेचा था. डोंबिवली के पास, कोपर गांव, भात की गिरणी में. बुड्ढा अब बिजली की मोटर लगाने वाला है. देख लो." उतरायला जागा नव्हती, तर त्यानंच बराकीच्या पडवीत खाट टाकून दिली.

कोपर

डोंबिवलीला उतरून पश्चिमेला चालत गेलो. भात कापून झालेली खाचरं, त्यांत वालाचं हिरवं पीक, मागे ठाकुर्लीच्या वीजघराचा धूर. पुढं जमीन चिखलाची होते, वारा खारा होतो आणि मिठागरांचे चौकोन दिसायला लागतात. आमच्याकडे विहिरीला पाणी लागावं म्हणून माणूस देवाला नारळ बोलतो. इथं माणसं पाणी बांधात कोंडून ते आटायची वाट बघतात.

बांधावर असतानाच मला आवाज आला. गिरणी चालू होती. मी थांबलो. माझी गाडी धडधाकट होती तेव्हाचा तिचा आवाज. चढणीवर मालासकट जायची तेव्हाचा. गेल्या दिवाळीपासून तो मी ऐकला नव्हता.

गिरणी घराच्या अंगणातच, कुडाच्या खोपटात. मालक जोमाबाबा, सत्तरीचा आगरी म्हातारा, कमरेला आखूड लंगोटवजा पंचा. आधी मिठागरात राबायचा, मग चार पैसे साठवून ही गिरणी घातली. म्हणजे माझ्याच जातकुळीचा, स्वतःच्या हातानं वर आलेला. त्याची बायको, सगळे तिला बाय म्हणत होते, सुपातला कोंडा पाखडत होती.

"कवरं लांबशी आयलाव?" तो म्हणाला.

"सिन्नरहून."

"मंग आदी जेवा. इंजान काय पलून जातंय?"

जेवायला तांदळाची भाकरी, हातरुमालासारखी पांढरी आणि मऊ, आणि निवट्यांचं कालवण. निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारे बोटाएवढे मासे. ताटाच्या कडेला मिठाची रास वाढली होती, आमच्याकडे लग्नात साखर वाढतात तशी. कालवण इतकं तिखट, की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

बाय म्हणाली, "पावन्याला रडाया येतंय."

"घरची आठवन आली असंल," म्हातारा म्हणाला. "आमचं कालवान खाऊन सगल्यांनाच घरची आठवन येते."

जेवल्यावर गिरणी बंद करून मी इंजिन बघितलं. सुतळीची गाठ बरोबर पुलीवर आली. तेलाची पट्टी काढली, तेलात पाण्याचा थेंब नाही. हॅंडल मारून दाब बघितला, हॅंडल उलट हातावर आलं. मग मागं वाकून ओतीव आकड्यांवरची भाताची धूळ फुंकली. एकेक आकडा वाचला. तेच. मी तोंड फिरवून पंख्याचं पातं चाचपायला लागलो. आनंद दिसला की भाव चढतो.

ओट्यावर बसलो. मी एकेक खोट काढली. धूर काळा आहे, पंख्याचं पातं वाकलंय, किती तास चाललंय देव जाणे. म्हाताऱ्यानं किंमत सांगितली. किंमत अवाजवी नव्हती, हे आज लिहायला हरकत नाही. मी निम्मी सांगितली.

"नाय परवरत," तो म्हणाला.

"मग ठेवा. वीज आल्यावर भंगारात जाईल."

"जाईल तं जाईल."

मी थोडा वर आलो. तो खोपटाकडे बघत बसला. बाय त्याच्याकडे बघत होती. मला वाटलं, आता ही वेळ. मी "लीलारामकडे उतरलोय" एवढं सांगितलं आणि उठलो.

चपला घातल्या. सैल अंगठ्यामुळे मुद्दाम वेळ लावायची गरजच पडली नाही. फाटकातून बाहेर आलो. बांधावर हळू चाललो. कान मागे, डोळे पुढे. वळणावर एका दगडावर बसून पुन्हा चपलेशी खेळलो. हाक आली नाही. मला राग आला. म्हातारा पक्का आहे, उद्या माणूस पाठवील, असं म्हणत मी स्टेशनकडे गेलो.

पुन्हा कल्याण, पुन्हा कोपर

दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मी लीलारामच्या खाटेवर बसून रस्त्याकडे बघत राहिलो. पापड खाऊन तोंड सोललं.

लीलाराम म्हणाला, "जाओ न सेठ. जो मांगता है दे दो. शर्म कैसी?"

"मी गेलो तर तो डोक्यावर बसेल."

"बैठने दो. इंजन तो मिलेगा."

तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो. त्यानं मागितली तेवढी किंमत कमरेला बांधून गेलो. बांधावर आलो, तर गिरणीचा आवाज नव्हता. म्हटलं, आज दळण नसेल. अंगणात आलो. खोपटात सिमेंटच्या ओट्यावर चार बोल्ट उभे होते आणि मधे तेलाचा काळा डाग.

जोमाबाबा ओट्यावर जाळ्याला गाठी मारत बसला होता. मला बघून उठला. आनंदानं उठला, आणि तेच मला जास्त लागलं.

"आयलाव? बसा. वाट बगितली आमी."

"इंजिन?"

"काल गेला. माज्या साडूचा जावय, रेतीची होरी हाय त्याची. होरीला बसवला."

"कितीला दिलं?"

"तुमी शेवटी बोललाव ना, तेवऱ्यालाच."

मी सांगितलेल्या किमतीला त्यानं इंजिन दुसऱ्याला दिलं होतं. मग माझा तोल गेला. मी ओरडलो, की मला का नाही, मी काय कमी होतो, मी उठलो तेव्हा हाक का मारली नाही, एक हाक मारायला तोंडाला काय झालं होतं.

म्हातारा रागावला नाही. "घरातशी निंगाल्या मानसाला मागशी हाक मारू नये," तो म्हणाला. "तुमच्यात मारतान?"

आमच्यातही मारत नाहीत. माझी आई कोणी निघालं आणि काही राहिलं, तर धावत वळसा घालून त्याच्या पुढे जाऊन उभी राहायची, पण मागून हाक मारायची नाही. ते घराचं. बाजाराचं वेगळं. मला हे अंगण बाजार वाटलं होतं. त्याच्या लेखी मी त्याच्या घरी जेवून निघालो होतो.

"मी भावात उतरनार होतू," तो म्हणाला. "फाटकात उभा होतू, तुमी त्या वलनावं दिसंनासं झालाव तवर. येकदा वलून बगितला असता ना, तं मी हात केला असता."

"यांना बोलले मी," बाय आतून म्हणाली, "की खाचरातशी आरवं जा, पावन्याच्या पुरं जाऊन उभं ऱ्हा. पन यांचं गुरघं दुकतान."

मला मागं बघायचं नव्हतं, त्याला मागून बोलवायचं नव्हतं.

बाय बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाली, "आमच्या घरात येकदा हाक मारलेली मागशी. थोरला पोर मासल्यांना खारीवं निंगाला होता. तवापासून नाय कोनी मारत." म्हाताऱ्यानं जाळ्याची गाठ ओढली.

मी त्या रेतीच्या होडीवाल्याकडे गेलो. त्याला पूर्ण किंमत देऊ केली, मग दीडपट. तो बंदरावर रेतीच्या पाट्या मोजत होता. म्हणाला, "शेट, इंजान बसवाला माजी दोन मानसं काल दिसभर आन् रातभर चिखलात होती. आता काराला सांगताव? पाऊस लागंस्तवर होरी थांबनार नाय." त्यानं इंजिन चालू केलं. भरतीचं पाणी भरत होतं. होडी खाडीत गेली, ठाण्याच्या अंगाला. आवाज पाण्यावरून फार लांबवर येतो. मी किनाऱ्यावर तो ऐकत उभा राहिलो. माझ्या गाडीला तो आवाज पुन्हा यायचा नाही हे मला तिथं कळलं.

परत जाताना पुन्हा त्यांच्या दारावरून गेलो, तेव्हा बायनं मिठाची पुरचुंडी दिली. मी नको म्हणालो, तरी पिशवीत घातली. निघालो, आणि या वेळी वळणावर मागं बघितलं. दोघंही फाटकात उभी होती. म्हाताऱ्यानं हात केला.

सिन्नर

कार्बुरेटर आणि मीठ एवढं घेऊन घरी आलो. बायकोनं दोन्ही चुलीजवळच्या फळीवर ठेवलं. नाशकाला दोघातिघांना विचारून पाहिलं, काही निघालं नाही. धुळवड झाली. दुसऱ्या दिवशी अडत्याच्या दारात मुरलीची गाडी उभी राहिली. आता ती रोज पहाटे आमच्या दारावरून जाते. तोच आवाज.

गेल्या आठवड्यात मुरली घरी आला. बहिणीनं केलेला चहा प्याला, अंगणातल्या गाडीभोवती दोनदा फिरला.

"दाजी, ही गाडी मला द्या. माझ्या गाडीला भाग उपयोगी पडतील."

मी किंमत सांगितली. त्यानं निम्मी सांगितली. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "लिलावाच्या आदल्या दिवशी फिटर तुला काय म्हणाला होता, ते आधी सांग."

"आता ते कशाला, दाजी?"

"सांग."

तो उठला. चपला घालायला त्यानं वेळ लावला. एक घातली, झटकली, मग दुसरी. अंगणातून बाहेर पडला आणि मारुतीच्या देवळाच्या वळणाकडे हळूहळू चालायला लागला. मान ताठ, मागं बघणं नाही.

बायको दारात आली. "अहो, बोलवा ना त्याला. वाट बघतोय तो."

"ठाऊक आहे मला."

तो देवळाच्या पारापाशी थांबला, वाकला आणि चपलेशी काहीतरी करत राहिला. गाडी गंजतेय. ती देऊन टाकली तर निदान पुन्हा बैलगाडी घेता येईल. हे सगळं मला त्या घटकेला दिसत होतं. हाक घशापर्यंत आली होती. पण तो घरातून निघाला होता, आणि फिटरबद्दलचं उत्तर न देता निघाला होता. यातलं कोणतं कारण खरं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तो वळणापलीकडे गेला.

गाडी अंगणातच आहे. चपट्या नाकाच्या गाडीचे भाग कोणाला हवे असतील तर येऊन बघावेत. गिअरबॉक्स, आस, टायर चांगले आहेत, इंजिनाला चीर आहे, रंग दिलेला नाही. जेवण होईल. फक्त बोलणं संपायच्या आत कोणी उठू नये. मी हाक मारणार नाही.